तिथी कळते तिला समुद्रही कळतो

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक कॅलेंडर असतं. त्यातली तारीख घरातले सगळेच बघतात. मुलं परीक्षेची बघतात, मालक बँकेच्या हप्त्याची बघतात आणि दूधवाल्याचे खाडेही आपण तारखेवरच मांडतो. पण तारखेखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी कोण बघतं? ती फक्त आपण बघतो. संकष्टी कधी आहे, एकादशी कोणत्या वारी आली, अमावास्या किती वाजता लागते, हे घरात कुणालाही विचारा, उत्तर बाईकडूनच येणार. आणि आपल्या या माहितीला घरात नाव काय? ‘बायकांचे उपासतापास!’

आज मला या तिथीबद्दलच लिहायचं आहे. पण व्रताच्या अंगाने नाही, भूगोलाच्या अंगाने. कारण जिला तिथी कळते तिच्याजवळ समुद्राचं वेळापत्रक असतं. आपण पडलो मराठवाड्यातल्या. आपला पाण्याशी संबंध म्हणजे गोदावरी, विहीर, बोअर आणि इसापूर धरणाचा कालवा. नांदेडहून मुंबई गाठायची तर रेल्वेत कित्येक तास काढावे लागतात. त्यामुळे आपल्याजवळ अशी एक किल्ली आहे, हेच आपल्याला कधी कळलं नाही. कुलपाजवळ जायची वेळच आली नाही ना!

आमच्या अर्धापूरच्या बचत गटातल्या बायकांवर ती वेळ आली गेल्या पौषात. गटातल्या चौदा जणींनी वर्षभर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि अलिबागला जायचं ठरवलं. पंढरपूर, तुळजापूर, माहूर सगळ्यांचं झालेलं. समुद्र मात्र चौदापैकी अकरा जणींनी फक्त टीव्हीवर बघितलेला. त्यात एक आजी होत्या, साठी कधीच ओलांडलेल्या. पानमळ्यात आणि केळीच्या बागेत मजुरी करून तीन लेकरं मोठी केलेल्या. शाळेची पायरी न चढलेल्या. त्यांचं एकच म्हणणं होतं, “मरायच्या आधी त्यो एकदा डोळ्यानं बघू द्या.”

अलिबागच का? कारण तिथला कुलाबा किल्ला. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात एक-दीड किलोमीटरवर हा किल्ला दिसतो. भरतीच्या वेळी तो चारी बाजूंनी पाण्यात असतो. ओहोटी लागली की मधलं पाणी सरतं, वाळूची आणि खडकांची वाट उघडी पडते आणि माणूस चालत किल्ल्यात जातो. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं होतं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. होडी किंवा घोडागाडीनेही तिथे जाता येतं म्हणा. पण समुद्र बाजूला होतो आणि आपण त्याच्या तळावरून चालत जातो, ही गोष्टच बायकांना अशी भावली की दुसरं कुठलं गाव कुणी ऐकूनच घेईना.

आता बायका चौदा, सोबत पुरुष एकही नाही, आणि जायचं कुठे तर भर समुद्रात! घरोघरी काय काय ऐकावं लागलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. “सोबत कोण माणूस आहे?” हा पहिला प्रश्न. (जणू चौदा बायका म्हणजे माणसं नव्हेतच!) दुसरा प्रश्न, “चार दिवस घरचं कोण बघणार?” आणि तिसरा प्रश्न एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आपल्या आईला विचारला, “तुम्हाला समुद्राचं काय कळतंय? पाणी आलं तर तिथंच अडकून पडाल.”

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपण आयुष्यभर देत आलोय. तिसरा प्रश्न मात्र मला महत्त्वाचा वाटला. त्यातला टोमणा सोडून द्या, पण धोका खरा आहे. किल्ला बघण्यात वेळ गेला, पाणी चढलं आणि पर्यटक तिथे अडकले, मग त्यांना होडीने सोडवून आणावं लागलं, अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. मधल्या वाटेवर पाण्याने गाठलं तर जीवही जातो. म्हणून या प्रश्नाचं नीट उत्तर शोधूनच निघायचं, असं आम्ही ठरवलं.

उत्तर शोधायला घेतलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा सापडला. तो आम्ही गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचला. समुद्राचं पाणी चंद्राच्या ओढीने चढतं-उतरतं. सूर्याचीही ओढ असते, पण चंद्रापेक्षा कमी. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. चंद्र जसा रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एक होते, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. हे झालं उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्याला कोकणात भांग म्हणतात. हे ऐकून आजी लगेच म्हणाल्या, “म्हंजी समुद्राला बी पुनव-अमोशा पाळावी लागती की!”

अलिबागला पोचलो त्या दुपारी किनाऱ्यावर मासळी सुकवत बसलेल्या एका कोळी मावशींनी आम्हाला पुढचा धडा दिला. हा धडा पुस्तकात नाही. त्यांनी सांगितलं की, तिथीला पाऊणकी लावायची, भरतीची वेळ मिळते. म्हणजे तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचं आणि चारने भागायचं. द्वितीयेला दीड वाजता भरती, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. अमावास्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. सकाळची जी वेळ, साधारण तीच रात्रीची. आणि भरतीपासून सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी.

आम्ही शिकलेल्या बायका वही-पेन शोधू लागलो. आजींनी मात्र डोळे मिटले आणि लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेली पाऊणकी सुरू केली. “एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन... उद्या संकष्टी. चतुर्थी. दुपारी तीनला पाणी भरणार. त्याच्या सहा तास आधी नऊ. सकाळी नवाला वाट उघडी!”

कोळी मावशी हसल्या. त्यांनी आजींच्या हातावर टाळी दिली. एकीला समुद्र माहीत, एकीला तिथी आणि पाऊणकी माहीत. दोघींपैकी शाळेत कुणीच गेलेली नाही आणि दोन मिनिटांत हिशेब तयार! आमच्या मोबाइलवर भरती-ओहोटीची वेळ दिसत होती, ती पाहिली तर फरक जेमतेम अर्ध्या तासाचा निघाला.

मैत्रिणींनो, मला सांगा, याला आपण अडाणीपणा म्हणायचं का?

गटात आमच्या एक भाभी आहेत, शिवणकाम करतात. त्या म्हणाल्या, “हमारे हिसाब से आज चाँद की अठरा है.” त्यांचा महिनाही चंद्रावरच चालतो, ईद-रमजान चंद्र बघूनच ठरतात. नाव वेगळं, आकडा वेगळा, पण आकाशातला चंद्र एकच. त्या अठरातून पंधरा वजा केले तर आमच्या तिथीजवळच आलो. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर पंचांग, हिजरी महिना आणि कोळ्यांचं गणित अशी तिन्ही एका जागी बसली, आणि ती बसवली बायकांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला निघालो. पश्चिमेला समुद्रावर फिकट चंद्र मावळायला आला होता. मावशींनी सांगितलं होतं की, इकडच्या किनाऱ्यावर चंद्र माथ्यावर असताना साधारण भरती असते आणि चंद्र क्षितिजाला टेकला की ओहोटी. ज्या चंद्रासाठी आम्ही रात्री उपाशी बसून गच्चीवर वाट बघतो, तो सकाळी समोर होता आणि त्याच्याखाली पाणी लांब गेलं होतं. आजी वाळूत उभ्या राहून म्हणाल्या, “माय गं! एवढं पाणी गेलं कुठं?” मग वाकून त्यांनी ओल्या वाळूला हात लावला, तो कपाळाला लावला आणि नऊवारीचा काष्टा घट्ट करून सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या.

वाट सोपी आहे पण सरळ नाही. आधी घट्ट ओली वाळू, मग घोट्याएवढं पाणी साचलेले सखल भाग, मग शेवाळलेले खडक. खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी, अनवाणी पाय कापतो. ओहोटीला कोकणातल्या बायका अशाच खडकांवरून कालवं काढतात, वाळूतून शिंपल्या गोळा करतात. त्यांच्यासाठी ओहोटी म्हणजे सहल नव्हे, ती रोजीची वेळ. आपल्याकडे कालव्याचं आवर्तन सुटलं की बायका कशा रात्री-अपरात्री शेतात उभ्या राहतात, तसंच हे. फरक इतकाच की समुद्राचं आवर्तन कुणाच्या अर्ज-विनंतीवर सुटत नाही आणि कधी चुकतही नाही!

किल्ल्यात गेल्यावर बायकांनी सगळ्यात जास्त वेळ कुठे काढला असेल? तोफांजवळ नाही, तर गोड्या पाण्याजवळ. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याची विहीर आणि पुष्करणी! पाणी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलेलो नाही. इथे साडेतीनशे वर्षांपूर्वी भर समुद्रात किल्ला बांधताना पिण्याच्या पाण्याचा विचार झालेला. तटाचे दगडही असेच. प्रचंड मोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले. लाट आदळली की पाणी फटींमध्ये शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. सगळं गच्च बंद केलं तर भिंत खचेल, थोडी फट ठेवली तर टिकेल. एक मैत्रीण हळूच म्हणाली, “आमच्या घरी सांगायला पायजे हे.” आम्ही सगळ्या हसलो, पण ती काय म्हणाली ते सगळ्यांना कळलं.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. दिवस संकष्टीचा, त्यामुळे बायकांना किती आनंद झाला असेल विचारू नका. दर्शन झालं, आरती झाली, कुणी फोटो काढू लागलं, कुणी मुलांसाठी शिंपले वेचू लागलं. साडेनऊ वाजले आणि आजींनी आवाज दिला, “चला, निघा आता.” बऱ्याच जणींनी तोंडं वाकडी केली. पाणी तर अजून लांबच दिसतंय! आजूबाजूचे लोकही आरामात बसलेले. पण आजी ऐकेनात. “चंद्र गेला. पाणी फिरलं असंल. आता थांबायचं न्हाई.”

त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं, ते मी तुम्हाला हंड्यांच्या हिशेबात सांगते. समजा ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांत बारा हंडे पाणी येणार आहे. तर पहिल्या तासात येतो एकच हंडा. दुसऱ्या तासात दोन. तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन. मग पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. बोटीवरच्या लोकांचा हा जुना ठोकताळा आहे. म्हणजे पहिल्या तासात बघणाऱ्याला वाटतं की पाणी येतच नाही. तिथेच माणूस फसतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मात्र निम्मं पाणी धावत येतं. आणि ते तुमच्या समोरून येईल असं नाही, ते आधी सखल भागात भरतं, म्हणजे कधी कधी तुमच्या पाठीमागे, तुम्ही आणि किनारा यांच्या मधे.

आम्ही परतलो तेव्हा सखल भागात घोट्याऐवजी पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं होतं. चौदाच्या चौदा जणी किनाऱ्याला लागल्या आणि मागे वळून पाहिलं तेव्हा काही तरुण पोरं गुडघ्याच्या वर पाण्यातून धडपडत येत होती. ती सुखरूप आली, पण एकाची चप्पल, एकाचा मोबाइल समुद्राने ठेवून घेतला. त्या पोरांकडे वेळ सांगणारं यंत्र होतं. आजींकडे वेळ पाळायची सवय होती.

इथे मला माझा खरा मुद्दा मांडायचा आहे. आपण बायकांना परत फिरायची वेळ फार लवकर आणि फार चुकीच्या कारणासाठी शिकवतो. अंधार पडायच्या आत घरी ये, लोक काय म्हणतील, एकटी जाऊ नको. ही सगळी परत फिरायची कारणं भीतीतून आलेली आहेत. त्यामुळे बाई निघतच नाही, मग परत फिरण्याचा प्रश्नच येत नाही! ओहोटीच्या वाटेवरचं परत फिरणं मात्र वेगळं आहे. ते माहितीतून आलेलं असतं. कधी निघायचं हे कळतं म्हणून बिनधास्त निघता येतं, आणि कधी फिरायचं हे कळतं म्हणून सुखरूप परत येता येतं. मुलींना आपण नुसतं ‘जाऊ नको’ म्हणतो, त्याऐवजी ‘कधी जायचं, कसं जायचं आणि कधी परतायचं’ हे शिकवलं तर? मला वाटतं, काळजी खरी त्यात आहे.

आणि समुद्राची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तो बाईला वेगळी वेळ देत नाही आणि पुरुषाला वेगळी देत नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईत भाभींच्या आग्रहाने आम्ही सगळ्या हाजी अलीला गेलो. तिथलीही वाट अशीच, भरतीला पाण्याखाली जाणारी. पंचमी होती, सकाळी दहाच्या आसपास ओहोटी, वाट कोरडी. चालताना भाभींनी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. २०११-१२ च्या सुमाराला तिथे आतल्या मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी झाली होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण या दोघी कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी ही बंदी घटनेच्या विरोधात ठरवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस बायका पुन्हा आत गेल्या. समुद्र ओसरला की वाट सगळ्यांना मोकळी होते. अडवणारी असतात ती माणसं, आणि माणसांनी घातलेला बांध माणसांनाच फोडावा लागतो. भाभी आतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. आजींनी त्यांचा हात धरला आणि दोघी पाणी चढायच्या आत किनाऱ्याकडे निघाल्या.

आता तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर काही गोष्टी आवर्जून लक्षात ठेवा. पाऊणकीचा हिशेब हा अंदाज आहे. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि वारा-पावसाने पाण्याचा जोर बदलतो. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, तीच वेळ आता मोबाइलवरही मिळते. ती बघा, आणि तरीही किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते म्हणून सोयीची वाटेल, पण तो भांग असतो, पाणी पुरेसं उतरेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप उतरतं, पण ओहोटी असते पहाटे नाहीतर संध्याकाळी, आणि संध्याकाळची वाट परतताना अंधारात सापडते. त्यापेक्षा त्यानंतरच्या तृतीया-चतुर्थीची सकाळ बरी. ओहोटीच्या तासभर आधी निघावं, म्हणजे पाणी उतरत असताना जाणं होतं, आणि पूर्ण ओहोटी झाल्यावर फार वेळ न काढता परतावं. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट हवेत. लहान मूल कडेवर आणि मोबाइल पिशवीत. पावसाळ्यात तर हा विचारच करू नये.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचं असंच एक बेट आहे. तिकडचा रस्ता रोज भरतीत बुडतो. तिथे रस्त्याच्या तोंडाशी सुरक्षित वेळांचे फलक आहेत आणि वाटेत उंच खांबांवर एक छोटी खोली बांधलेली आहे. पाण्याने गाठलेल्या माणसाने त्यात चढून मदतीची वाट बघायची. इतकं करूनही तिथे दरवर्षी लोकांच्या गाड्या अडकतातच, हा भाग वेगळा! पण आपल्या किनाऱ्यांवरही त्या दिवसाची उघडी वाट किती ते किती वाजेपर्यंत, हे मोठ्या मराठी अक्षरात रोज लिहिलेलं असावं, भोंगा असावा, परत फिरा सांगणारा माणूस असावा, अशी मागणी करायला काय हरकत आहे? समुद्र बघायला जाणारे बरेच लोक आपल्यासारखे आतल्या जिल्ह्यांतले असतात. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि दुसरी मागणी आपल्या शाळांकडे. सातवीचा तो धडा शिकवताना वर्गातल्या मुलामुलींच्या आयांना आणि आज्यांना एक दिवस बोलवा. त्यांना विचारा आज तिथी कोणती, चंद्र किती वाजता उगवणार. मुलांना कळू दे की आई जे कॅलेंडरमध्ये बघते ते नुसतं उपासाचं नाही, ते आकाशाचं आणि पाण्याचं गणित आहे. मग “तुम्हाला काय कळतंय?” असं म्हणताना पोराची जीभ जरा अडखळेल.

जाता जाता आणखी एक सांगायचंच आहे. आम्ही खरं तर पंधरा जणी जाणार होतो. पंधरावीने एकही हप्ता चुकवला नव्हता. निघायच्या दिवशी घरी पाहुणे आले आणि तिला थांबवलं गेलं. समुद्र पुन्हा कधीही बघता येईल, असं तिला सांगितलं गेलं. तिचे पैसे परत द्यायला आम्ही गेलो तर तिने ते घेतले नाहीत. म्हणाली, “गटातच राहू द्या. माझी वाट अजून उघडायचीय.” अर्धापूरला बसून तिने आजींकडून पाऊणकी पाठ करून घेतली आहे. येत्या माघातली वद्य चतुर्थी तिने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे आणि घरात सगळ्यांना आत्ताच सांगून टाकलं आहे की, त्या दिवशी पाहुणे बोलावू नका.

तुमच्या भिंतीवरही कॅलेंडर आहे. एक गोल करून ठेवा ना!